एका कुशीतली दोन नावे

पुष्कळ वर्षांपूर्वी परिचर्येचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या एका मुलीची वही माझ्याकडे तपासण्यासाठी आली होती, आणि प्रस्तुत पुस्तिकेचे मूळ शोधू गेल्यास ते त्या वहीच्या एका समासात सापडते. मराठी शाळेतून आलेली ती मुलगी इंग्रजी व्याख्यान ऐकताना कानावर पडलेला पारिभाषिक शब्द हाताला सवय असलेल्या बाळबोध लिपीत टिपून घेत असे, आणि मागाहून सवड मिळाली म्हणजे पाठ्यपुस्तक उघडून त्याची इंग्रजी अक्षरे त्यावर लिहीत असे. एका पानावर तिने लिहिले होते की, इलियम हे रुंद, पंख्यासारखे पसरलेले हाड असून कमरेवर हात ठेवला असता त्याची वरची कड बोटांना लागते. आणि चारच पाने उलटल्यावर तितक्याच सुवाच्य अक्षरांत लिहिले होते की, विषमज्वरात इलियमला व्रण पडतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्यांना छिद्र पडून रोगी दगावण्याची भीती असते. या दुसऱ्या वाक्यासमोर, समासात, पेन्सिलीने तिने स्वतःसाठी नोंद केली होती: ‘हाडाला व्रण? विचारणे.’ ते विचारणे राहूनच गेले असावे, कारण नोंदीपुढची जागा कोरी होती.

तिची चूक झाली असे मला त्या दिवशी म्हणवले नाही, आणि आजही म्हणवत नाही. तिचा कान खरा होता आणि लिपीही खरी होती. इंग्रजीत हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. एकाची अक्षरे आय, एल, आय, यू, एम अशी आणि दुसऱ्याची आय, एल, ई, यू, एम अशी. परंतु हा मधल्या एका अक्षराचा भेद कागदावरच राहतो, जिभेवर उतरत नाही, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे असे डॉक्टरही दोन्ही शब्द एकाच रीतीने उच्चारतात. आपली लिपी तर उच्चाराशी इमान राखणारी; ऐकू आले ते लिहावे हा तिचा शिरस्ता. जेथे इंग्रजी लिपी उच्चार मावळल्यावरही जुन्या व्युत्पत्तीचा दाखला दप्तरात जपून ठेवते, तेथे देवनागरीजवळ तसा दाखला राहण्याची सोयच नाही, आणि म्हणून दोन शब्दांचा मराठी कागदावर एकच शब्द होतो. या प्रस्तावनेतही मला तीच अडचण आहे. ती लपविण्यापेक्षा मी सरळ एकाला ‘अस्थीचा इलियम’ आणि दुसऱ्याला ‘आतड्याचा इलियम’ असे म्हणणार आहे. वाचकाला हे काहीसे बोजड वाटेल. परंतु त्या मुलीच्या वहीत हा एकेक शब्द जादा असता तर समासातील तो प्रश्न उद्भवला नसता.

प्रथम अस्थीविषयी. माणसाच्या कमरेच्या दोन्ही अंगांना जे मोठे हाड असते ते बालपणी अखंड नसते. इलियम, इस्कियम आणि प्यूबिस असे तीन स्वतंत्र भाग कूर्चेने जोडलेले असतात, आणि किशोरवयात ते मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत फिरतो त्या खोबणीपाशी एकजीव होतात. या तिहींतला सर्वांत वरचा आणि सर्वांत विस्तीर्ण भाग तो अस्थीचा इलियम. पंढरीच्या विठोबाचे हात जेथे टेकलेले आहेत तेथे, किंवा आई मूल कडेवर घेते तेव्हा ते मूल ज्या कंगोऱ्यावर बसते तेथे, या हाडाची वरची कड असते. तिच्या पुढच्या टोकाला त्वचेखाली एक टणक उंचवटा सहज हाताला लागतो आणि मागच्या टोकाला, पाठीच्या खालच्या अंगास, पुष्कळांच्या अंगावर दिसणारी एक खळी असते. दोन्ही बाजूंच्या कडांचे सर्वोच्च बिंदू मनाने एका रेषेने जोडले तर ती रेषा पाठीच्या कण्याच्या चौथ्या कटिमणक्याच्या पातळीवर जाते; मेंदूज्वराच्या संशयाने पाठीतील पाणी काढावयाचे असते तेव्हा डॉक्टर सुईची जागा याच रेषेच्या आधारे ठरवितो. रक्ताच्या रोगांत अस्थिमज्जेचा नमुना घ्यावयाचा तो बहुधा याच हाडाच्या मागल्या टोकातून, आणि मोडलेल्या दुसऱ्या हाडाला जोड देण्यासाठी रोग्याच्याच शरीरातून हाडाचा तुकडा घ्यावयाचा तोही पुष्कळदा याच कडेतून. दाता म्हणून शरीरात या हाडाइतके उदार हाड मला दुसरे आठवत नाही.

आतड्याच्या इलियमची प्रकृती याच्या अगदी उलट. ते हाताला लागत नाही, त्याला ठरलेला आकार नाही, आणि त्याची एक हद्द तर कोणालाच नेमकी दाखविता येत नाही. जठराच्या पुढे सुमारे सहा मीटर लांबीचे जे लहान आतडे असते त्याचा आरंभीचा वीतभर भाग सोडला तर उरलेल्या आतड्याचे शरीरशास्त्रज्ञ दोन भाग मानतात. त्यांतला पहिला, म्हणजे सुमारे दोन पंचमांश, तो जेजुनम. प्रेतविच्छेदनात तो बहुधा रिकामा आढळतो म्हणून त्याला लॅटिनमध्ये ‘उपाशी’ असे नाव पडले. शेवटचा तीन पंचमांश भाग तो इलियम. या दोहोंमध्ये पडदा नाही, झडप नाही, रेषा नाही. पुढे पुढे भिंत पातळ होत जाते, आधार देणाऱ्या पडद्यातील मेद वाढतो, रक्तवाहिन्यांच्या कमानी एकीवर एक अधिक थरांनी रचल्या जातात, आणि केव्हातरी आपण दुसऱ्या महालात येऊन पोहोचलो आहोत हे अनुभवी हाताला कळते. याची दुसरी हद्द मात्र पक्की आहे. जेथे लहान आतडे मोठ्या आतड्यात उघडते तेथे झडप आहे, आणि तिच्या अलीकडचा थोडासा भाग शरीराच्या अर्थव्यवहारात फार मोलाचा आहे. ‘ब१२’ जीवनसत्त्व आणि पित्तातील क्षार रक्तात परत घेण्याचे काम मुख्यतः याच भागावर सोपविलेले आहे. हा भाग रोगाने निकामी झाला किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागला तर रोग्याला ते जीवनसत्त्व पुढे जन्मभर टोचून घ्यावे लागण्याचा संभव असतो.

आपल्या देशातील रुग्णालयांत आतड्याच्या इलियमचे नाव वारंवार निघते, याची कारणे दुःखद आहेत. स्विस शरीरशास्त्रज्ञ पायर याने १६७७ साली वर्णिलेले लसिकापेशींचे पट्टे येथेच सर्वांत दाट असतात, आणि विषमज्वराचे जंतू त्यांच्यावरच हल्ला करतात. त्यामुळे विषमज्वराचे व्रण आतड्याच्या लांबीच्या दिशेने पडतात. क्षयाचे जंतूही हाच टापू पसंत करतात, परंतु क्षयाचा व्रण आडवा, आतड्याला वेढा घालणारा असतो, आणि भरून येताना आतडे आवळून टाकतो. उभा व्रण विषमज्वराचा, आडवा क्षयाचा, हा भेद विकृतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला हमखास विचारतात. ज्या मुलीने ‘हाडाला व्रण?’ असे लिहिले तिच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते. परंतु ते उत्तर देण्यापूर्वी हा दुसरा इलियम अस्तित्वात आहे हे कोणीतरी तिला सांगावयास हवे होते.

येथपर्यंतच्या वर्णनावरून वाचकाचा असा समज होईल की, एक कठीण आणि एक मऊ, एक बाहेरून चाचपता येणारा आणि एक पोटाच्या अंधारात गुंडाळलेला, अशा दोन परस्परविरोधी वस्तूंना योगायोगाने एकसारखी नावे पडली. परंतु तसे नाही, आणि तसे नाही हेच मला या प्रस्तावनेत सांगावयाचे आहे. हे दोन्ही इलियम शरीरात एकमेकांचे शेजारी आहेत. अस्थीच्या इलियमचा आतला पृष्ठभाग एखाद्या उथळ परातीसारखा खोलगट आहे, आणि उजव्या बाजूच्या या परातीत मोठ्या आतड्याचा आरंभ विसावलेला असतो. आतड्याचा इलियम जेथे संपतो ती झडप आणि जवळच लोंबणारे आंत्रपुच्छ याच परिसरात असते. न्यूयॉर्कचा शल्यवैद्य चार्ल्स मॅकबर्नी याने १८८९ साली आंत्रपुच्छाच्या दाहात सर्वाधिक वेदना कोठे होते याचे मोजमाप दिले, ते असे: बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत सरळ रेषा कल्पावी, आणि त्या उंचवट्यापासून दीड ते दोन इंच आत, त्या रेषेवर, एका बोटाने दाबावे. म्हणजे आतड्याच्या इलियमचा शेवट शोधण्यासाठी डॉक्टरचे बोट प्रथम अस्थीच्या इलियमवर टेकते. पोटाच्या उजव्या खालच्या भागालाही या हाडावरूनच ‘राइट इलिअ‍ॅक फॉसा’ असे म्हणतात, आणि म्हणून ‘राइट इलिअ‍ॅक फॉसात दुखते, इलियमचा क्षय असावा’ या वाक्यात दोन्ही शब्द एका श्वासात येतात, आणि त्या वाक्यात चूक काहीही नसते.

आता व्युत्पत्तीकडे वळू, कारण खरी उकल तेथे आहे. लॅटिन भाषेत ‘इलिआ’ हा एक अनेकवचनी शब्द होता. त्याचा अर्थ हाड असा नव्हता आणि आतडे असाही नव्हता. बरगड्या जेथे संपतात आणि मांडी जेथे सुरू होते त्यांच्या मधल्या, दोन्ही अंगांच्या मऊ भागाला रोमन लोक ‘इलिआ’ म्हणत. मराठी माणसाला हे समजावून देण्यास फारसे प्रयास पडू नयेत, कारण आपल्याजवळ त्याच जागेचा, तितकाच जुना आणि तितकाच जिव्हाळ्याचा शब्द आहे: कूस. आपण कुशीवर झोपतो, कूस बदलतो, तेव्हा ती शरीराची बाजू असते. मूल आईच्या कुशीत शिरते तेव्हा ती तिच्या अंगाची ऊब असते. आणि एखाद्या स्त्रीची कूस उजवली असे म्हणतो तेव्हा ते पोटाच्या आतले असते. कूस बाहेर कोठे संपते आणि आत कोठे सुरू होते हे मराठीने कधी विचारले नाही, कारण जित्या माणसाच्या अंगावर हात ठेवून बोलणाऱ्या भाषेला तो प्रश्न पडत नाही. रोमन भाषेलाही तो पडला नव्हता. प्रश्न पडला तो सुरी हातात घेतलेल्या शरीरशास्त्रज्ञाला. त्याने कूस उघडली; तेथे त्याला एक हाड सापडले आणि एक आतडे सापडले, आणि दोघांनाही त्याने त्या जागेचेच नाव दिले. दोन्ही इलियम हे एकाच वडिलार्जित शब्दाचे वारस आहेत.

त्यांतल्या एकाच्या नावात तर या वारशाची लेखी निशाणी शिल्लक आहे. शरीरशास्त्रज्ञांनी हाडाला जे पूर्ण नाव दिले ते ‘ऑस इलियम’. यातले ‘ऑस’ म्हणजे हाड, आणि ‘इलियम’ हे ‘इलिआ’चे षष्ठीचे अनेकवचन, सबंध अर्थ ‘कुशींचे हाड’. इंग्रजीने पुढे बोलण्याच्या घाईत हाड गाळले आणि षष्ठीचे रूप तेवढे ठेवले, आणि तेच पुढे प्रथमेचे नाम म्हणून रूढ झाले. ज्यांना मराठी व्याकरणाची गोडी आहे त्यांना हे ध्यानी येईल की, आपण एखाद्याला ‘पाटलांचा मुलगा’ म्हणता म्हणता केवळ ‘पाटलांचा’ म्हणू लागावे आणि तेच त्याचे नाव होऊन बसावे, तसा हा प्रकार आहे. शेजारच्या प्यूबिसचीही हकीकत हीच. (ट्रॉय नगरीचेही लॅटिन नाव ‘इलियम’ असेच होते, आणि होमरच्या महाकाव्याचे नाव त्यावरून आले आहे, परंतु त्या नगरीचा आणि आपल्या कमरेचा कोणताही नातेसंबंध नाही, हे येथेच नमूद करून ठेवतो.)

आतड्याच्या वाट्याला आलेल्या नावात मात्र दुसऱ्या एका शब्दाची मिसळ झाली. ग्रीक वैद्य आतड्याला पीळ पडून मार्ग बंद होण्याच्या भयंकर व्याधीला ‘ऐलिओस’ म्हणत, आणि त्या शब्दाच्या मुळाशी ‘गुंडाळणे, पिळणे’ या अर्थाचा धातू आहे. पोटात पीळ पडणे, आतडी पिळवटणे असे आपण म्हणतो त्याच अनुभवातून आलेला तो शब्द. हाच पुढे लॅटिनमध्ये ‘इलिअस’ झाला. आता कुशीवरून आलेला ‘इलिआ’ आणि पिळावरून आलेला ‘इलिअस’ हे दोन्ही शब्द ध्वनीने इतके जवळचे, आणि पीळ पडलेल्या रोग्याचा हात इतक्या सहजपणे कुशीकडे जाणारा, की मध्ययुगीन लेखनिकांनी दोघांची गल्लत केली नसती तरच नवल. त्या गल्लतीतून आतड्याचे नाव कधी एका रीतीने, कधी दुसऱ्या रीतीने लिहिले जाऊ लागले, आणि कित्येक शतके कोणालाही त्याची अडचण भासली नाही. जुन्या इंग्रजी वैद्यकग्रंथांत या आंत्ररोधाला ‘इलिअ‍ॅक पॅशन’ असे म्हटलेले आढळते. म्हणजे ‘इलिअ‍ॅक’ हे जे विशेषण आज निखालस हाडाच्या मालकीचे झाले आहे, ते एके काळी आतड्याच्या व्याधीचे होते. त्याच व्याधीचे आणखी एक नाव होते ‘मिझरेरे’, ज्याचा लॅटिन अर्थ ‘दया कर’. शस्त्रक्रियेचा उपाय नसलेल्या काळात, वांतीवाटे विष्ठा बाहेर पडू लागलेल्या रोग्याजवळ बसलेल्या माणसाने व्याधीला असे नाव दिले असेल तर ते का, हे सांगावयास नको.

नावांचा हा गोंधळ केवळ या जोडीपुरता नव्हता. आंद्रेआस व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने १५४३ साली आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा स्नायूंना नावे देण्याऐवजी त्याने बव्हंशी त्यांना क्रमांकांनीच संबोधिले. पुढील तीनशे वर्षांत प्रत्येक देशाने, प्रत्येक विद्यापीठाने, पुष्कळदा प्रत्येक प्राध्यापकाने आपापली नावे प्रचारात आणली. एकेका अवयवाला पाच-पाच, दहा-दहा नावे झाली आणि एकच नाव वेगवेगळ्या अवयवांना लागू लागले. शेवटी जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी १८९५ साली बाझेल येथे हा कज्जा निकालात काढला. सुमारे ५०,००० नावे चाचपून त्यांतून काही हजारच त्यांनी कायम केली, आणि बाकीची रद्द ठरविली. या यादीत हाड ‘आय’ने आणि आतडे ‘ई’ने लिहावे हे पक्के झाले. पॅरिस येथे १९५५ साली जी नवी यादी मंजूर झाली तिनेही हा निकाल फिरविला नाही, आणि १९९८ सालच्या ‘टर्मिनोलॉजिया अ‍ॅनाटोमिका’ या यादीनेही नाही. शतकानुशतके सामाईक वहिवाटीत असलेल्या एका नावाची अशी खातेफोड झाली. परंतु दोन भावांच्या वाट्यांमध्ये बांध म्हणून उभे राहिले ते एक अक्षर, आणि तेही उच्चारात ऐकू न येणारे. बाझेलच्या विद्वानांविषयी मला मोठा आदर आहे. तथापि माझे प्रामाणिक मत असे की, येथे त्यांनी जुन्या दप्तराचा मान राखताना बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्या माणसाचा विचार केला नाही. त्यांच्यापुढे छापील पान होते. शस्त्रक्रियागृहात तोंडाने दिलेला हुकूम, दूरध्वनीवरून सांगितलेला अहवाल आणि वर्गात मागच्या बाकावर बसून टिपणे घेणारी मुलगी त्यांच्यापुढे नव्हती.

विशेषणे करताना हा भेद काहीसा ऐकू येऊ लागतो, कारण हाडाचे ते ‘इलिअ‍ॅक’ आणि आतड्याचे ते ‘इलिअल’. परंतु एवढ्याने निर्धास्त होऊन चालत नाही. महारोहिणी चौथ्या कटिमणक्याजवळ दुभंगते आणि तिच्यापासून निघणाऱ्या ज्या दोन मोठ्या रोहिण्या ओटीपोटाला आणि पायांना रक्त पुरवितात त्या ‘इलिअ‍ॅक’; आतड्याच्या पडद्यातून जाणाऱ्या बारीक शाखा त्या ‘इलिअल’. पहिलीला इजा झाली तर काही मिनिटांत प्राणावर बेतते. शल्यकर्मातील एक जोडी तर मला नेहमी अस्वस्थ करते. मूत्राशय काढून टाकावा लागल्यावर आतड्याच्या इलियमचा एक लहान तुकडा वेगळा करून त्यात दोन्ही मूत्रवाहिन्या जोडावयाच्या आणि त्याचे दुसरे तोंड पोटाच्या त्वचेवर उघडावयाचे, या शस्त्रक्रियेला ‘इलिअल कंड्युइट’ म्हणतात. अमेरिकन शल्यवैद्य ब्रिकर याने १९५० साली ती रूढ केली. आणि महारोहिणीच्या फुग्यावर आतून नळी बसविताना मांडीतील रोहिणी फार अरुंद असेल तर कमरेच्या मोठ्या रोहिणीला एक कृत्रिम नळी शिवून वाट करावयाची, तिला ‘इलिअ‍ॅक कंड्युइट’ म्हणतात. एक मूत्राची वाट, दुसरी रक्ताची. आणि घाईत सांगितलेल्या, कोणा तिसऱ्याने टंकलिखित केलेल्या कागदावर दोहोंमध्ये एका अखेरच्या व्यंजनाचे अंतर. जेथे शब्द जोडून समास होतो तेथे तर तेही उरत नाही. ‘इलिओकोलिक’ रोहिणी आतड्याची आहे आणि ‘इलिओलंबर’ रोहिणी हाडाच्या प्रदेशातली; दोन्हींचा आरंभ ‘इलिओ’ असाच ऐकू येतो, आणि कोणत्या ‘इलिओ’त ‘ई’ आणि कोणत्यात ‘आय’ हे ज्याला शरीर पाठ आहे त्यालाच कळते.

म्हणून शिक्षक खुणा सांगतात. ‘हिप’ या शब्दात ‘आय’ आहे, म्हणून ‘आय’चा इलियम कमरेचा, आणि ‘ईट’ हा शब्द ‘ई’ने आरंभतो, म्हणून ‘ई’चा इलियम खाण्याच्या मार्गातला. ही खूण चांगली आहे आणि मी स्वतः ती पुष्कळांना सांगितली आहे. तथापि मराठीत विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला ती उलटी पडण्याचा धोका असतो, हे मला फार उशिरा उमगले. कारण ‘आय’ हा उच्चार कानावर पडताच त्याच्या मनात ‘आ’ने आरंभणारा ‘आतडे’ हा शब्द उभा राहतो, आणि परीक्षेच्या घाईत तो नेमका चुकीच्या बाजूला जातो. परभाषेतील खूण परभाषेत विचार करणाऱ्यालाच उपयोगी पडते. आपल्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेतली खूण हवी, आणि ती आपल्याजवळ आहे.

चरकाने अस्थींची गणना ३६० आणि सुश्रुताने ३०० केली, हे आपल्याकडे वैद्यकाच्या वर्गात सांगितले जाते. परंतु या गणनांमध्ये नावे किती विचारपूर्वक योजिलेली आहेत हे क्वचितच सांगितले जाते. चरकाच्या गणनेत ‘श्रोणिफलक’ नावाच्या दोन अस्थी येतात. फलक म्हणजे फळी, पाटी, ढाल. ज्याने त्या हाडाचा रुंद, चपटा, किंचित वळलेला पसारा पाहिला त्यालाच हे नाव सुचावे. लॅटिनने हे हाड कोठे आहे ते सांगितले, संस्कृतने ते कसे आहे तेही सांगितले. सुश्रुताने याच प्रदेशात नितंबांच्या अस्थी मोजल्या आहेत. रुडॉल्फ हर्न्ले या पंडिताने १९०७ साली प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या दोन्ही गणनांची आधुनिक शरीरशास्त्राशी पडताळणी आहे. आणि गणनाथ सेनांनी ‘प्रत्यक्षशारीरम्’ हा संस्कृत ग्रंथ रचून नव्या शारीरविद्येला जुन्या भाषेत आणण्याचा जो उद्योग केला त्याचे ऋण आपल्या परिभाषेवर आहे. आतड्याच्या इलियमला मराठीत ‘शेषांत्र’ हा शब्द रुळला आहे. लहान आतड्यातले जे शेवटी शिल्लक राहिले ते शेषांत्र. शब्दातच जागा आली आणि क्रमही आला. श्रोणिफलक आणि शेषांत्र या दोन शब्दांत आरंभीच्या ‘श’काराखेरीज काही समान नाही, आणि लिहिताना तो ‘श’ही पहिल्या शब्दात जोडाक्षरात आहे. कितीही घाईत, कितीही अस्पष्ट बोलले तरी एकाच्या जागी दुसरा ऐकू येणे शक्य नाही.

येथे काही मित्र आक्षेप घेतात तो मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, विद्यार्थ्याला अखेर इंग्रजीतच परीक्षा द्यावयाची, इंग्रजीतच रोग्याचे कागद लिहावयाचे, मग त्याच्यावर आणखी दोन कठीण शब्दांचा बोजा कशासाठी? तक्रारीत तथ्य आहे. रोग्याच्या कागदावर ‘शेषांत्र’ लिहावे असे माझे म्हणणे नाही; परक्या राज्यातून आलेल्या परिचारिकेला ते वाचता आले पाहिजे, आणि तेथे इंग्रजी शब्द, पूर्ण अक्षरांसह, हाच योग्य. परंतु शब्द उतरवून घेणे हे एक काम आहे आणि वस्तू समजून घेणे हे दुसरे. मी ज्या मुलांना एकदा ‘श्रोणिफलक’ आणि ‘शेषांत्र’ हे शब्द अर्थासह सांगितले, त्यांच्या मनात दोन वस्तू वेगळ्या राहिल्या. मग इंग्रजी शब्दाची अक्षरे चुकली तरी वस्तू चुकत नसे, आणि वस्तू पक्की असली म्हणजे अक्षरे दुरुस्त करावयास वेळ लागत नसे. उलट क्रमाने शिकविलेल्यांपैकी कित्येकांची अक्षरे बरोबर असत आणि बोट भलत्याच ठिकाणी पडत असे. ‘फळी’ आणि ‘शेष’ हे तर घरातलेच शब्द आहेत. बोजा वाटतो तो आपण ते जोडाक्षरांसह पाठ करावयास देतो आणि उलगडून सांगत नाही म्हणून.

या पुस्तिकेत अशा इतर जोड्याही आल्या आहेत. पोटऱ्यांच्या बाहेरील अंगास लागणारा ‘पेरोनिअल’ आणि गुदद्वाराच्या पुढील प्रदेशाचा ‘पेरिनिअल’ ही जोडी इतकी घातक ठरली की, १९९८ च्या यादीने पहिल्याच्या जागी ‘फिब्युलर’ला अग्रक्रम दिला. तो शब्द ग्रीक आणि हा लॅटिन, पण दोहोंचाही मूळ अर्थ वस्त्र अडकविण्याची टाचणी असाच आहे, म्हणून बदलाने अर्थाची हानी झाली नाही. ‘युरेटर’ आणि ‘युरेथ्रा’ ही जोडी मराठीत मूत्रवाहिनी आणि मूत्रमार्ग अशी सुटते, परंतु फारशी चांगली सुटत नाही, कारण वाहिनी आणि मार्ग हे शब्द एकमेकांच्या जागी खपून जातात. तेथे मी पर्याय सुचविला आहे आणि तो जाणत्यांनी तपासावा अशी विनंती आहे. प्रत्येक जोडीच्या आरंभी इंग्रजी शब्दांची अक्षरे मोकळी करून सांगितली आहेत, नंतर वस्तूचे वर्णन, नंतर मराठी संज्ञा आणि तिचा उलगडा, आणि जेथे मिळाला तेथे घरगुती बोलीतला शब्द. हा शेवटचा रकाना भरताना मला सर्वाधिक काळ लागला. कड आणि कूस हे दोन शब्द पहिल्या जोडीसमोर लिहून होईपर्यंत माझ्या ध्यानी आले नव्हते की, मराठी आई मुलाला कडेवर घेते तेव्हा ते हाडावर बसलेले असते आणि कुशीत घेते तेव्हा पोटाशी. आणि आपल्या घरातल्या बायाबापड्यांच्या तोंडून हा भेद कधीही चुकत नाही.

त्या मुलीची वही मी तिला परत केली तेव्हा समासातील कोऱ्या जागेत दोन ओळी लिहून दिल्या होत्या. शेजारी एक लहान आकृतीही काढली होती: कमरेचे हाड, त्याच्या परातीत विसावलेले मोठ्या आतड्याचे टोक, आणि डावीकडून येऊन त्याला मिळणाऱ्या लहान आतड्याचा शेवटचा वेढा. तीच आकृती पुन्हा काढून या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापली आहे. तिच्याखाली इंग्रजी नावे मुद्दाम छापलेली नाहीत. दोन रेघा मोकळ्या सोडल्या आहेत, आणि वाचणाऱ्याने त्या स्वतःच्या हाताने भरावयाच्या आहेत.